चेंडूची एक बाजू

परभणी तालुक्यातल्या पेडगावची जमीन मराठवाड्याच्या बहुतेक शिवारासारखीच काळी, कापसाची. वेचणी संपून पऱ्हाटी उपटली की रान मोकळं होतं. उन्हानं जमीन कडक होते, भेगाळते आणि ढेकळांचे कंगोरे दगडासारखे टणक होतात. अशा रानात सीझन बॉलनं खेळलं तर चार-पाच षटकांतच नव्या चेंडूचं लाल कातडं जागोजाग खरचटतं. दव पडलं किंवा अवकाळी पाऊस शिंतडून गेला तर नेमकं उलटं होतं. हीच माती चिकट होऊन शिवणीच्या दोऱ्यांत जाऊन बसते, वाळली की नखाशिवाय निघत नाही. मग गोलंदाज परत जाता जाता अंगठ्याच्या नखानं ती टोकरतो, चेंडू पँटवर घासतो आणि पुढचा टाकतो. ती माती आहे आणि ती काढतोय, यापलीकडे त्यात काही आहे असं कुणाच्या मनातही येत नाही.

नियमांच्या पुस्तकात मात्र यातल्या दोन कृती एकमेकींपासून फार लांब आहेत. चेंडू पँटवर घासायला पूर्ण मुभा आहे. नखानं माती काढणं पंचांच्या देखरेखीखाली झालं नाही तर तो गुन्हा ठरतो. मधली ही रेघ कुठून जाते आणि ती तिथूनच का जाते, हे समजून घ्यायचं तर आधी चेंडू नीट पाहायला हवा.

पुरुषांच्या क्रिकेटचा चेंडू 155.9 ते 163 ग्रॅम वजनाचा आणि 22.4 ते 22.9 सेंटिमीटर परिघाचा असतो. आत बुचाचा गोळा, त्यावर ताणून गुंडाळलेला दोरा, वर कातड्याच्या दोन वाट्या. या वाट्या जिथे मिळतात तिथे टाक्यांच्या सहा ओळी असतात, तीच शिवण. भारतात कसोटी आणि रणजी सामन्यांत एसजीचा चेंडू वापरतात. सियालकोटमध्ये 1931 साली सुरू झालेला हा कारखाना फाळणीनंतर भारतात आला आणि मेरठला स्थिरावला. एसजीची शिवण हातानं घातलेली आणि ठसठशीत असते. डोळे मिटून बोट फिरवलं तरी सहाही ओळी कळतात, आणि बराच खेळ होईपर्यंत ती तशीच उभी राहते. ऑस्ट्रेलियाच्या कुकाबुराची शिवण लवकर बसते, कारण तिच्या बाहेरच्या ओळी यंत्रावर घातलेल्या असतात. नव्या चेंडूच्या कातड्यावर पातळ लाखेचा लेप असतो. तो काही षटकांत उडतो, आणि चेंडू घासण्याचं खरं काम तिथून सुरू होतं.

घासल्यानं काय होतं? कातड्यात मुरलेलं मेण आणि वंगण घर्षणाच्या उबेनं वर येतं. घामाच्या ओलाव्यानं बारीक रंध्रं आणि ओरखडे बुजतात, कापडाच्या दाबानं पृष्ठभाग सपाट होतो. एकच बाजू अशी जपली आणि दुसरी तिच्या नशिबावर सोडली की वीस-पंचवीस षटकांत एकाच चेंडूच्या दोन तऱ्हा दिसू लागतात. एका बाजूवर उजेड चमकतो, दुसरी कोरडी आणि खरबरीत.

हवेला हा फरक लगेच कळतो. जाणाऱ्या चेंडूला चिकटून हवेचा एक अगदी पातळ थर सरकत असतो. ओढ्यातल्या गोट्याला वळसा घालून पाणी मागे फाटतं, तसा हा थरही चेंडूच्या मागच्या अंगाला कुठेतरी सुटतो. गुळगुळीत बाजूवरचा थर संथ असतो, तो लवकर सुटतो. शिवणीवरून किंवा खडबडीत भागावरून गेलेल्या थरात खळबळ माजते, आणि खळबळलेला थर चेंडूला जास्त वेळ धरून राहतो. दोन बाजूंचे थर वेगवेगळ्या जागी सुटले की चेंडूमागची हवा एका अंगाला ढकलली जाते आणि चेंडू दुसऱ्या अंगाला सरकतो. म्हणून शिवण स्लिपकडे तिरकी धरून, गुळगुळीत बाजू पुढे ठेवून टाकलेला चेंडू स्लिपकडेच वळतो. यासाठी फार वेगही लागत नाही. ताशी 110 किलोमीटरच्या आसपास तो उत्तम वळतो आणि शिवण सुमारे वीस अंशांनी तिरकी असली की जास्तीत जास्त वळतो. रबी मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून 1983 मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. मेहता पुढे अमेरिकेच्या नासा संस्थेत वायुगतिशास्त्रज्ञ झाले. इंग्लंडमध्ये शाळेत असताना ते इम्रान खानबरोबर क्रिकेट खेळले होते.

वेग खूप वाढला तर गणित उलटतं. ताशी 140 किलोमीटरच्या आसपास आणि त्यापुढे हवेचा थर शिवणीपर्यंत पोचण्याआधीच दोन्ही बाजूंना खळबळलेला असतो. मग शिवण मदत करायचं सोडून अडथळा बनते. तिच्या बाजूचा थर जाड आणि अशक्त होऊन लवकर सुटतो आणि शिवण दाखवते त्याच्या विरुद्ध दिशेला चेंडू वळतो. हाच रिव्हर्स स्विंग. एवढा वेग सगळ्यांच्या खांद्यात नसतो. पण पुढे धरलेली बाजू चांगली खडबडीत झालेली असेल तर खळबळ लवकर सुरू होते आणि कमी वेगातही चेंडू उलटा वळतो. पाकिस्तानच्या सरफराज नवाझनं ही विद्या घडवली असं मानतात. त्याच्याकडून ती इम्रानकडे आणि इम्रानकडून वसीम अक्रम आणि वकार युनूसकडे गेली.

एवढं कळलं की मोहाची जागाही दिसते. गुळगुळीत बाजू हातानं करता येते आणि त्याला नियमाची परवानगी आहे. खडबडीत बाजू हातानं करायला बंदी आहे, ती खेळातून, मैदानातून, फलंदाजाच्या फटक्यातून आपोआप व्हायला हवी. ती झटपट व्हावी म्हणून जगभर काय काय केलं गेलं! नखं, बाटलीचं झाकण, पँटची चेन, खिशातली माती. पर्थला 2010 मध्ये शाहिद आफ्रिदीनं तर कॅमेऱ्यासमोर चेंडूला दात लावले आणि दोन टी-20 सामन्यांची बंदी भोगली.

नियम 41.3 सांगतो की चेंडूची अवस्था बदलेल अशी कोणतीही कृती खेळाडूनं करायची नाही. त्याला अपवाद फक्त तीन. क्षेत्ररक्षकानं चेंडू आपल्या कपड्यांवर घासावा, मात्र कृत्रिम पदार्थ न लावता आणि वेळ न दवडता. चिखल लागला तर पंचांच्या देखरेखीखाली काढावा. चेंडू ओला झाला तर पंचांनी मान्य केलेल्या फडक्यानं पुसावा. हे सोडून काही केलं तर फलंदाजी करणाऱ्या संघाला पाच धावा मिळतात आणि चेंडू बदलताही येतो.

या तीन वाक्यांत मला एक विचार स्पष्ट दिसतो. चेंडूचा पृष्ठभाग बदलणार हे नियमानं गृहीत धरलंय. तो कशानं आणि कुणाच्या डोळ्यांदेखत बदलतो, याकडे त्याचं लक्ष आहे. घाम अंगाचा असतो, कपडे सगळ्यांच्या अंगावर असतात, घासणं साऱ्या मैदानाला दिसतं. फलंदाजालाही ते दिसतं आणि उद्या गोलंदाजी त्याच्याच संघाची असते. माती काढायला मात्र बोटं शिवणीत घालावी लागतात, आणि शिवणीत गेलेलं बोट माती काढतंय की टाका उचलतंय हे लांबून कुणालाच सांगता येत नाही. तिथे पंच जवळ हवा, तो एवढ्याचसाठी.

हा फरक किती महाग पडू शकतो ते 2001 च्या नोव्हेंबरात सचिन तेंडुलकरला कळलं, आणि त्याच्याबरोबर साऱ्या देशालाही. भारतीय संघ दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर होता. दुसरी कसोटी पोर्ट एलिझाबेथच्या सेंट जॉर्जेस पार्कवर चालू होती. सचिन त्या सामन्यात मध्यमगती गोलंदाजी करत होता आणि चेंडू वळवतही होता. दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यानं त्याची बोटं जवळून टिपली. डाव्या हातात चेंडू आणि अंगठा शिवणीवरून फिरतोय, असं ते दृश्य. शिवणीत अडकलेलं गवत आणि माती आपण काढत होतो, असं सचिननं सांगितलं. मैदानावरच्या पंचांनी कसलीही तक्रार केली नव्हती. तरीही सामनाधिकारी माइक डेनेस यांनी चित्रफीत पाहून त्याला दोषी ठरवलं. मानधनाच्या 75 टक्के दंड आणि एका कसोटीची स्थगित बंदी अशी शिक्षा झाली. त्याच सामन्यात जादा अपील आणि वर्तनाच्या कारणावरून आणखी पाच भारतीय खेळाडूंवर कारवाई झाली. वीरेंद्र सेहवागवर तर थेट एका कसोटीची बंदी आली.

भारतात लोक संतापले, आणि ते समजण्यासारखं होतं. भारतीय बोर्डानं डेनेस यांना पुढच्या कसोटीतून हटवण्याची मागणी केली, दक्षिण आफ्रिकेच्या बोर्डानं ती मान्य केली. आयसीसी मात्र अडून बसली, आणि सेंच्युरियनचा तिसरा सामना अधिकृत कसोटी म्हणून धरलाच गेला नाही. त्या गदारोळात मूळ मुद्दा बाजूला पडला. सचिननं चेंडू कुरतडला असं ठरलेलं नव्हतं. पंचांना न सांगता त्यानं चेंडू साफ केला, एवढीच त्यातली नियमाची चूक होती. दोन पावलं चालून पंचांसमोर चेंडू धरला असता आणि तीच माती त्याच अंगठ्यानं काढली असती, तर ती कृती नियमाच्या शब्दाला धरून झाली असती. डेनेस यांची शिक्षा मला आजही अवाजवी वाटते. पण पंचांना विचारण्याची अट अवाजवी नाही. सचिनसारख्या खेळाडूच्या हेतूबद्दल कुणी शंका घेणार नाही असं आपल्याला वाटतं, मात्र नियमाला हेतू पाहता येत नाही, कृती तेवढी पाहता येते.

एकवीस वर्षांनी, 9 फेब्रुवारी 2023 रोजी, हाच प्रश्न नागपूरला जामठ्याच्या मैदानावर उभा राहिला. ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटीचा पहिला दिवस. रवींद्र जडेजानं मोहम्मद सिराजच्या तळहातावरून काहीतरी बोटावर घेतलं आणि गोलंदाजीच्या हाताच्या तर्जनीला चोळलं. चित्रफीत बघता बघता जगभर फिरली. ते वेदनाशामक मलम होतं, बोट सुजलं होतं. मलम औषध म्हणूनच लावलं, ते चेंडूला लागलं नाही आणि चेंडूची अवस्थाही बदलली नाही, हे सामनाधिकाऱ्यांनी मान्य केलं. तरीही मानधनाच्या 25 टक्के दंड आणि एक दोषांक जडेजाच्या नावावर लागला. कारण एकच, मलम लावण्याआधी त्यानं पंचांना विचारलं नव्हतं. त्या डावात त्यानं 47 धावांत पाच बळी घेतले होते आणि त्या बळींवर कुणाला आक्षेप घेता आला नाही.

नागपूरच्या निर्णयात मला नियमाचं शहाणपण पोर्ट एलिझाबेथपेक्षा जास्त दिसतं. गुन्हा किती आणि चूक किती, हे तिथे वेगळं केलं गेलं. मराठी घरातल्या राहुल द्रविडच्या बाबतीतही शिक्षा मापातच होती. 2004 च्या जानेवारीत ब्रिस्बेनला झिम्बाब्वेविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात तोंडातल्या खोकल्याच्या गोळीचा चिकट रस त्याच्या बोटावरून चेंडूला लागलेला कॅमेऱ्यात दिसला. सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी मानधनाच्या निम्मा दंड केला. साखरेची लाळ चेंडूला चांगली चकाकी देते हे क्रिकेटमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. गोळीतली साखर मात्र अंगातून आलेली नसते.

कृत्रिम पदार्थ कशाला म्हणायचं, यावरून भारतात पहिलं मोठं वादळ उठलं ते 1977 च्या जानेवारीत, मद्रासच्या कसोटीत. इंग्लंडचा जॉन लीव्हर घाम डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळाला व्हॅसलीन लावलेल्या जाळीच्या पट्ट्या बांधून गोलंदाजी करत होता. बिशनसिंग बेदींनी जाहीर आक्षेप घेतला. घाम चालतो, पण घामाबरोबर ओघळलेलं व्हॅसलीन चालतं का? लीव्हरच्या हेतूबद्दलचा वाद तेव्हा मिटवला गेला, पण बेदींचा प्रश्न रास्त होता आणि आजच्या नियमानं त्याचं उत्तर सरळ नकारार्थी दिलंय.

थुंकीचा हिशोब तर आपल्या डोळ्यांदेखत दोनदा बदलला. शतकभराहून जास्त काळ गोलंदाज बोटाला थुंकी लावून चेंडू चमकवत आले. 2020 च्या जूनमध्ये कोरोनामुळे आयसीसीनं थुंकीवर तात्पुरती बंदी घातली आणि ऑक्टोबर 2022 पासून नियमांतच ती कायम झाली. मग 2025 च्या आयपीएलमध्ये भारतीय बोर्डानं आपल्या स्पर्धेपुरती बंदी उठवली. एकच गोलंदाज मे महिन्यात थुंकी लावू शकत होता आणि जूनमधल्या कसोटीत लावू शकत नव्हता. ही विसंगती गोलंदाजांवर अन्याय करणारी आहे. सवयीनं जिभेकडे गेलेलं बोट थांबवायला सरावच लागतो.

केपटाऊनचं मार्च 2018 चं प्रकरण या सगळ्यांपेक्षा वेगळं, कारण तिथे चूक नव्हती, बेत होता. कॅमेरॉन बँक्रॉफ्टच्या हातात सँडपेपर होता. ऑस्ट्रेलियाच्या बोर्डानं स्टीव्ह स्मिथ आणि डेव्हिड वॉर्नरला प्रत्येकी बारा महिने, तर बँक्रॉफ्टला नऊ महिने बाहेर बसवलं. त्याच वर्षी आयसीसीनं या गुन्ह्याची श्रेणीही वाढवली.

आणि तरी सँडपेपरात स्वतःचं असं पाप काही नाही. पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये दहा पिनांचं बोलिंग असतं, त्या खेळाचे गंभीर स्पर्धक पॉलिश कागदाच्या चकत्या पिशवीत घेऊनच येतात. 500, 1000, 2000, 4000 असे त्यांचे आकडे, आकडा वाढेल तसा कागद मऊ. खेळाच्या पट्टीवर तेल किती आणि कुठवर पसरलंय ते पाहून बोलिंगचा गोळा खरबरीत करायचा की गुळगुळीत, हे ठरवणं तिथे कौशल्यच समजतात. खरबरीत गोळा पट्टीला लवकर पकडतो आणि आधी वळतो, चकचकीत गोळा घसरत लांब जातो आणि उशिरा वळतो. त्या खेळाचा नियम वेळेवर बोट ठेवतो. स्पर्धा सुरू होण्याआधी हवं तेवढं घासा. पहिला गोळा टाकला की कागद बंद, मग फक्त कोरड्या फडक्यानं तेल पुसायचं. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये तर चेंडूला माती लावण्याचीच पद्धत आहे. डेलावेअर नदीच्या परिसरातला गाळ नव्या चेंडूची घसरण जावी म्हणून सामन्याआधी चोळतात. तीन खेळ, तीन वेगळ्या मुभा. पण तिन्हींत एक अट समान आहे. जे करायचं ते सगळ्यांना ठाऊक असलेल्या वेळी आणि ठाऊक असलेल्या वस्तूनं करायचं.

गावच्या सामन्यात हा नियम पाळायला काय लागतं? कॅमेरा लागत नाही, सामनाधिकारीही लागत नाही. पेडगाव काय किंवा जिल्ह्यातलं दुसरं कुठलं गाव काय, पंच म्हणून बहुतेक वेळा फलंदाजी करणाऱ्या संघाचाच एक जण उभा असतो. शिवणीत काळी माती बसली की चेंडू त्याच्यापुढे धरावा, “भाऊ, माती काढतो हां” एवढं म्हणावं आणि त्याच्यासमोर काढावी, बारीक काडीनं नव्हे, बोटानं. खरचटलेल्या बाजूला कुणी हात लावायचा नाही. तिला घामाचा स्पर्श झाला की तिचं काम बिघडतं, म्हणून चेंडू परत फेकणाऱ्यानं तो शिवणीवर धरायचा. चमकवायची बाजू संघातल्या एक-दोघांनीच सांभाळावी. चेंडू मुद्दाम ढेकळांवर आपटत परत फेकणंही वरच्या दर्जाच्या क्रिकेटमध्ये गुन्हाच धरलं जातं. पण सीमेवरून एका टप्प्यात आलेला प्रामाणिक थ्रो काळ्या रानात तेच काम करून जातो आणि त्याला कुणाची ना नाही.

या सांभाळण्यातून काय उगवतं, त्याचं आपल्याकडचं सर्वांत चांगलं उदाहरण श्रीरामपूरचा झहीर खान. 2007 मध्ये नॉटिंगहॅमच्या कसोटीत त्यानं इंग्लंडचे नऊ बळी घेतले. 2011 च्या विश्वचषकात 21 बळी घेऊन तो शाहिद आफ्रिदीबरोबर पहिल्या क्रमांकावर राहिला. चेंडू रिव्हर्स व्हायला लागला की झहीर धावताना डाव्या हातातला चेंडू उजव्या हातानं झाकत असे, म्हणजे चकाकती बाजू कुठे आहे हे फलंदाजाला शेवटपर्यंत कळत नसे. चेंडूत फेरफार करणं आणि चेंडू लपवणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीला नियमात कुठेही मनाई नाही. ते त्याचं बुद्धीचं काम होतं.

त्या विश्वचषकानंतर काही महिन्यांतच, ऑक्टोबर 2011 पासून, एकदिवसीय सामन्यांत दोन्ही टोकांकडून दोन नवे चेंडू आले. प्रत्येक चेंडू पंचवीसच षटकं वापरला जाऊ लागला. कातडं खडबडीत व्हायच्या आत डाव संपायचा आणि शेवटच्या षटकांतला रिव्हर्स स्विंग जवळजवळ दिसेनासा झाला. फलंदाजांच्या बाजूनं एवढं झुकलेलं पान उलटायला आयसीसीला चौदा वर्षं लागली. जुलै 2025 पासून दोन चेंडू 34 षटकांपर्यंतच चालतात. 35 व्या षटकाला क्षेत्ररक्षण करणारा संघ त्यांतला एक निवडतो आणि उरलेला डाव दोन्ही टोकांकडून त्याच चेंडूवर होतो. निवडीच्या वेळी दोन्ही चेंडू सतरा-सतरा षटकं जुने असतात, निवडलेला चेंडू डावाच्या शेवटी 33 षटकांचा होतो. त्यामुळे कोणत्या चेंडूची कोणती बाजू कोरडी राखायची हे आता पहिल्या दहा षटकांतच ठरवावं लागतं, आणि ते काम ज्या एक-दोघांकडे असतं त्यांना पुन्हा घाम पुसायचा तो एकाच बाजूवर.